वसंताची तारीख नंतर कळवू

संयुक्त अरब अमिरातीत वसंत येतो तो आमंत्रणांमधून. झाडांकडे बघत बसलात तर हुकेल. रस्त्याच्या दुभाजकांवरची पेटुनिया ठिबकच्या पाण्यावर नोव्हेंबरपासूनच फुलून उभी असते. दुबईतलं मिरॅकल गार्डन, म्हणजे २०१३ साली सुरू झालेलं ते कोट्यवधी फुलांचं प्रकरण, थंडीच्या तोंडावर उघडतं आणि उन्हाळा आला की कुलूप लावून मोकळं होतं. स्वतःच्या हिमतीवर मोहरतो तो फक्त घाफ. घाफ म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. २००८ पासून तो इथला राष्ट्रवृक्ष आहे. वसंतात त्याला बारीक पिवळसर तुरे येतात, पण इतके बेताचे, की खाली सावलीत गाडी लावणाऱ्यालाही त्यांचा पत्ता लागत नाही. अज्ञातवासाची सवय, दुसरं काय!

फेब्रुवारी लागला की मात्र फोन वाजू लागतो. शारजातल्या इमारतींवर रोषणाईची चित्रं पडतात, दुबईत साहित्य महोत्सव भरतो, एका वर्षाआड शारजाची बिएनाले येते, खाडीकाठच्या जुन्या वस्तीत सिक्का नावाचा कलामहोत्सव लागतो, मदिनत जुमेराच्या हॉटेलात आर्ट दुबई, अबुधाबीत संगीताचे जलसे. आणि यातून एखादा शनिवार रिकामा राहिलाच, तर तो महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या प्रयोगासाठी. घरात बसायचं म्हटलं तर आजारीच पडावं लागतं.

ऑफिसातली एक सहकारी मूळची लाइपझिगची. तिच्या गावी मार्चमध्ये पुस्तकांची मोठी जत्रा असते, म्युनिकमध्ये वसंतात डिझाइनवाल्यांचा आठवडा, आणि बर्लिनमध्ये एप्रिल सरता सरता शहरभरच्या गॅलऱ्या ठरवून एकाच शनिवार-रविवारी नवी प्रदर्शनं उघडतात. ही बर्लिनची प्रथा २००५ पासूनची. तिचं म्हणणं असं, की हिवाळाभर कोंडलेली माणसं पहिल्या उन्हाला फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात, बसल्या बसल्या खुर्चीकडे लक्ष जातं, आणि त्यातून डिझाइनची प्रदर्शनं निघतात. हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की तो विनोद होता हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आमचं नेमकं उलटं आहे. आमची कोंडी उन्हाळ्यात. ऑक्टोबर संपताना आम्ही बाहेर पडतो आणि एप्रिलनंतर पुन्हा एसीत शिरतो. त्यामुळे जर्मन माणसाला वसंत म्हणजे पुढे खूप दिवस आहेत असं वाटायला लावणारा ऋतू, तर आम्हाला तो शेवटचे दिवस मोजायला लावणारा. इथल्या सगळ्या उत्सवांत जी लगबग दिसते ती गाडी सुटायच्या आत फलाटावर वडापाव घेणाऱ्याची आहे. चव नंतर बघू, आधी हातात पडू दे.

याच लगबगीत नाशिकहून मावशी येते. काका नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले आणि मावशीला आखाताबद्दल एक हक्काची भावना उत्पन्न झाली. कारण असं, की १९५९ पासून भारत सरकारनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या 'गल्फ रुपया'च्या नोटा काढल्या होत्या. १९६६ पर्यंत दुबईचा बाजार त्यांच्यावर चालायचा आणि त्या छापल्या जायच्या नाशिकला. काका नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तरी "तुमच्या दुबईचा पगार एकेकाळी आमच्याकडून यायचा" हे वाक्य विमानतळ ते घर या प्रवासात होतंच.

मावशीची सांस्कृतिक कार्यक्रमाची कल्पना पक्की आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती तिला वंदनीय, पण खरी ती नाशिकची. मे महिना, गोदाकाठ, संध्याकाळी उकाड्यातून सुटून आलेली माणसं, व्यासपीठावर वक्ता, त्याच्या शेजारी वेळेकडे डोळा ठेवून बसलेले अध्यक्ष आणि शेवटी आभारप्रदर्शन. इथल्या कार्यक्रमांना अध्यक्ष नसतात, याची तिला खंत आहे. "मग थांबायचं कधी हे सांगतं कोण?" हा तिचा प्रश्न मी संयोजनातल्या एका तरुणीला इंग्रजीत करून विचारला. तिनं तो टिपून घेतला.

मावशीचं आणि डिझाइनचं पहिलं भांडण खुर्चीवरून झालं. दुबईत २०१२ च्या मार्चमध्ये डिझाइन डेज नावाचा मेळा सुरू झाला होता. मोजक्याच प्रती काढलेलं फर्निचर, दिवे, फुलदाण्या, म्हणजे वापरायच्या वस्तू, पण वापरायच्या नाहीत अशा. तिथं पितळेची एक खुर्ची होती. दोन तास उभं राहून पाय दुखलेल्या मावशीनं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर रखवालदारानं ओळखली आणि तो खुर्चीच्या आणि मावशीच्या मधे येऊन उभा राहिला. तो स्वतःही सकाळपासून उभाच होता. बाराशे खुर्च्यांच्या त्या मांडवात (आकडा मावशीचा आहे) बसायला एकही नाही, यावर दोघांचं हिंदीत एकमत झालं. पुढे काही वर्षांनी डिझाइनवाल्यांनी आपला मुक्काम नोव्हेंबरात हलवला. २०१५ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला दुबई डिझाइन वीकही आता तेव्हाच भरतो. मला हे शहाणपणाचं वाटतं. नोव्हेंबरात बाहेर बसायचे चार-पाच महिने हाताशी असतात, खुर्ची विकत घेण्याला काही अर्थ असतो.

चांगलं डिझाइन बघायला मला स्वतःला मेळ्यात जावं लागत नाही. एक दिरहम देऊन अब्र्यातून खाडी ओलांडायची आणि अल फहिदीत शिरायचं. पूर्वी या वस्तीला बस्तकिया म्हणत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली इराणमधल्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी. प्रवाळाचे दगड, जिप्समचा गिलावा, मधोमध अंगण आणि घराच्या डोक्यावर चौकोनी मनोरा. हा मनोरा म्हणजे बर्जील, वारा पकडायचं यंत्र. त्याला चारी बाजूंनी उभी तोंडं असतात आणि आत फुलीसारख्या आडव्यातिडव्या भिंती. वारा कुठूनही येवो, एका बाजूनं तो आत ओढला जाऊन खोलीत उतरतो आणि खोलीतली तापलेली हवा दुसऱ्या बाजूनं वर निघून जाते. वीज नाही, फिरणारा एकही भाग नाही, आवाज नाही. मावशी त्याच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली, पदर थोडा हलला, आणि "हे बसलं डोक्यात" म्हणाली. सासरच्या वाड्यातल्या चौकाची आठवण निघाली, मग सासूची, मग बराच वेळ सासूचीच.

१९८०च्या दशकात ही सगळी वस्ती पाडायचं ठरलं होतं. तिथं राहणाऱ्या रेनर ऑटर नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं ती वाचवायची मोहीम धरली, थेट राजपुत्र चार्ल्सना पत्र लिहिलं, आणि १९८९ मध्ये चार्ल्स दुबईला आले तेव्हा ते या गल्ल्यांतून हिंडले. त्यानंतर पाडापाडी थांबली. जुनी घरं राखायला राजघराण्याची शिफारस लागावी, हे नाशिकच्या माणसाला सांगायची गरज पडली नाही. "आमच्याकडे राजपुत्र आला नाही ना," एवढंच मावशी म्हणाली.

सिक्का महोत्सव २०११ पासून याच गल्ल्यांत भरत असे. २०२४ पासून तो जवळच्याच शिंदगात गेला, आता त्याच्या नावातही डिझाइन आहे. घराघरांत एकेका कलाकाराची मांडणी, भिंतींवर चित्रं, कोपऱ्यावर कुणीतरी ऊद वाजवतंय. गर्दी मोठी गमतीची असते. कलाकार कोण आणि फोटो काढायला आलेला कोण हे कपड्यांवरून ठरवू नये, उलट निघतं. आपली मराठी मंडळी मात्र दुरून ओळखता येतात. घरातून आणलेली पाण्याची बाटली, पर्समध्ये चिवडा, आणि प्रत्येक पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं. चित्राला दहा सेकंद, पाटीला दोन मिनिटं. शिवाय रविवार गाठलेला असतो, कारण दुबईत त्या दिवशी पार्किंग फुकट.

अल कूझला जाणं वेगळं. हा कारखान्यांचा आणि गॅरेजांचा भाग, आम्ही तिथं गाडीचा एसी दुरुस्त करायला जायचो. त्याच गोदामांच्या रांगेत अल्सर्कल ॲव्हेन्यू उभा राहिला, आधी जिथं संगमरवराचा कारखाना होता तिथं. २०१९ च्या मार्चमध्ये तिथं दक्षिण आशियातल्या कलेसाठी इशारा आर्ट फाउंडेशन सुरू झालं. पहिलंच प्रदर्शन मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि अलीगढला जन्मलेल्या झरीना यांचं. झरीनांची छत्तीस काष्ठमुद्रितं होती, घर या एकाच विषयावरची. उंबरठा, दार, अंगण, एकेका कागदावर थोड्याशा काळ्या रेषा आणि खाली उर्दू शब्द. मी बराच वेळ तिथं उभी होते. शेजारी एक जोडपं तितकंच गंभीर उभं होतं. नवऱ्यानं हळूच विचारलं, "घरमालकाला भाड्याचे चार चेक दिलेत की सहा?" मला हसू आलं नाही. या देशात घर म्हटलं की आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात दुसरं काय येणार? झरीनांनी चेकबुकाचंही एक चित्र काढायला हवं होतं.

शारजाची बिएनाले १९९३ पासूनची, म्हणजे या सगळ्यांत वडीलधारी. ती फुकट असते आणि नको तिथं भरते. बंद पडलेली शाळा, कलबातला बर्फाचा जुना कारखाना, जुबैलची जुनी भाजीमंडई. या मंडईत मी मेथी घेतली आहे. नवा बाजार झाल्यावर गाळे ओस पडले आणि मग त्यात कला आली. त्या बाकदार इमारतीत माझ्या कोथिंबीरवाल्याच्या गाळ्यात पडदे टांगलेले आणि अंधारात कसलासा व्हिडिओ चालू. पाटी आम्ही नेहमीप्रमाणे पूर्ण वाचली, दोनदा वाचली. मावशीनं मग रखवालदाराला गाठलं. तो बिहारचा. रोज आठ तास त्या व्हिडिओशेजारी बसून त्याला तो पाठ झाला होता. "शुरू में कुछ नहीं है," तो म्हणाला, "मगर अम्मा, समंदर के बाद वो बुढ़िया आती है, तब तक रुकिए।" आम्ही थांबलो. म्हातारी आली, जाळं विणत बसली, आणि खरंच, तिच्यासाठी थांबण्यासारखं होतं. बिएनालेच्या जाडजूड ग्रंथात हे एवढं नेमकं कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. मावशीला अखेर अध्यक्ष भेटले.

रेन रूममध्ये तिला न्यायला नको होतं असं आता वाटतं. रँडम इंटरनॅशनल या कलाकारमंडळाची ही कलाकृती शारजात २०१८ पासून कायमची आहे. अंधाऱ्या दालनात मुसळधार पाऊस पडत असतो, पण तुम्ही चालाल तिथं तो थांबतो, कारण छतातल्या यंत्रांना तुमची चाहूल लागते. तिकीट काढून पावसात जायचं आणि कोरडं यायचं. इगतपुरीच्या जवळ जन्म घालवलेल्या बाईला हे पटेना. ती मुद्दाम भराभर चालली, यंत्राला चकवून एक बाही भिजवली आणि समाधानानं बाहेर आली. पुढे १६ एप्रिल २०२४ ला इथं असा पाऊस झाला की पंचाहत्तर वर्षांच्या नोंदीत तसा नव्हता. अल ऐनजवळ एका दिवसाच्या आत अडीचशे मिलिमीटर. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली, आमच्या इमारतीचं तळघर भरलं, लिफ्ट बंद. मावशीचा नाशिकहून फोन: "तो कुणासाठी थांबला का?"

हे सगळे उत्सव कधी येणार, हे मात्र चंद्रावर असतं. मावशी दाते पंचांग सोबत बाळगते आणि या विषयात तिला इथल्या संयोजकांपेक्षा जास्त कळतं. आपल्या पंचांगात साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून सणांना ऋतूत परत आणून बसवतात. हिजरी वर्षात ती सोय नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. गेली काही वर्षं तो वसंतात मुक्कामाला होता. २०२५ मध्ये मार्च महिनाभर रमजान, म्हणून एरवी मार्चमध्ये भरणारा आर्ट दुबई एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेला. गॅलऱ्यांमध्ये कलेपेक्षा एसीजवळ गर्दी.

त्याच वर्षी ३० मार्चला गंमत झाली. इथली ईद आणि आपला पाडवा एकाच दिवशी. आदल्या वर्षी दोन्हींत एका दिवसाचं अंतर होतं. सकाळी आम्ही बाल्कनीत, कठड्याच्या आतच, गुढी उभारली. बाहेर काही टांगू नये असा इमारतीचा नियम आहे. शेजारच्या सुदानी वहिनी ईदची बिस्किटं घेऊन आल्या, गुढीकडे पाहून त्यांनी विचारलं, हे सिक्काचं का? रेशमी वस्त्र, वर उलटा तांब्या, साखरेच्या गाठी, कडुलिंब. मांडणी म्हणून विचार केला तर कुणीही फसावं. मावशीनं त्यांना बसवून श्रीखंड दिलं आणि वर अधिक महिन्याचं गणितही समजावलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यानंतर आपला पाडवा एप्रिलकडे परत जाणार आणि तुमची ईद अशीच मागं सरकत राहणार, तेव्हा ही बिस्किटं आणि हे श्रीखंड पुन्हा एका ताटात यायला बरीच वर्षं लागतील. वहिनींनी आणखी एक वाटी घेतली.

आता मावशी पुढच्या खेपेची तारीख विचारते आहे. बिएनाले कधी, सिक्का कधी, तो बिहारी रखवालदार कुठल्या गाळ्यात असेल. मी म्हटलं, रमजान ठरल्याशिवाय कुणीच नक्की सांगत नाही, आणि रमजान चंद्र दिसल्यावर ठरतो. तिनं पंचांग उघडलं, बोटावर काहीतरी मोजलं, काकांना फोन लावला आणि चंद्राची वाट न बघता तिकीट काढायला सांगितलं, कारण विमानाचं भाडं आत्ता उतरलं आहे.