समतेचे सल्लागार व्हा : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

आरोग्यातल्या विषमतेची कळकळ, एक लॅपटॉप आणि जीएसटी क्रमांक एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय सुरू होतो. रुग्णांशी थेट संबंध येत नसल्यामुळे संसर्गाचं भय नाही. मात्र पायऱ्यांचा क्रम मोडू नये.

१. सरासरीवर तुटून पडा. महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते. बैठकीत टाळ्या पडण्याआधी विचारा, ‘उरलेल्या बाया कोण?’ तालुक्याच्या कारकुनालाही उत्तर पाठ असतं : नर्मदेकाठचे पाडे, भामरागडचं जंगल, ऊसतोडीच्या कोप्या. पण तो कारकून आहे, त्याचं सांगणं ‘पुरावा’ ठरत नाही.

२. जागा निवडा. मेळघाट उत्तम. तिथले बालमृत्यू १९९०च्या दशकापासून गाजताहेत, त्यामुळे आधीचे अहवाल भरपूर. निम्मं काम त्यांचा आढावा घेण्यातच उरकतं.

३. फिल्डवर जानेवारीत जा. पावसाळ्यात पाड्यांची वाट बंद होते आणि आजार नेमके तेव्हाच बळावतात, पण गाडी चिखलात रुतते. जानेवारीत बरीच कुटुंबं मजुरीला बाहेर गेलेली असतात. कुलूप दिसलं की ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात खूण करा. सगळ्यांत वंचित माणसं अशी एका खुणेत मोजून होतात.

४. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना सोबत घ्या. घरं त्यांना माहीत, भाषा त्यांना येते, दारं त्यांच्याच हाकेला उघडतात. सरकारदरबारी त्या स्वयंसेविका, त्यांचा मोबदला काही अंशी कामागणिक; तुमचा दिवसागणिक. गटचर्चेत ‘पैसे वेळेवर मिळतात का?’ असं जरूर विचारा. उत्तर लिहून घ्या, बिस्किटं पुढे करा आणि रात्री विश्रामगृहावर परतल्यावर स्वतःच्या थकलेल्या हप्त्याबद्दल कडक ईमेल पाठवा.

५. शिफारशी फुगवा. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे एक, असा निकष आहेच. ज्याची वाट अवघड त्याला जास्त, ही समता कागदावर केव्हाचीच आली आहे. ‘तिथे नर्स नेमा, तिला राहायला धड खोली द्या’ एवढं म्हटलं की अहवाल संपतो, आणि एका ओळीचं बिल लागत नाही. म्हणून ‘बहुआयामी चौकट’ आखा. बाण दोन्ही दिशांनी काढा.

इथे एक धोका संभवतो. डॉ. राणी आणि अभय बंग गडचिरोलीत मुक्कामालाच गेले, गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे ती पद्धत देशभरच्या आशांच्या कामात शिरली. भाषणात हे उदाहरण अवश्य द्या. अनुकरण करू नका. तुम्हाला पुढच्या तिमाहीत दुसरा जिल्हा गाठायचा आहे.

६. सादरीकरण मुंबईत, वातानुकूलित सभागृहात ठेवा. एका आशाताईंना बोलवा, शाल द्या, तीन मिनिटं द्या. त्यांनी माइकवरून विचारलंच, ‘आमच्या मोबदल्याचं पुढे काय?’, तर हा मुद्दा अभ्यासाच्या टीओआरमध्ये, म्हणजे ठरलेल्या कार्यकक्षेत, बसत नाही, असं नम्रपणे सांगा. त्यात खोटं काही नाही. टीओआरचा मसुदा तुम्हीच तर करून दिला होता.