शालेय मंत्रिमंडळ : रचना, खाती आणि किल्ल्या

शालेय मंत्रिमंडळ म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडलेले, वर्गशिक्षकांनी आधीच ठरवलेले आणि शिपाईमामांच्या सवडीने चालणारे लोकनियुक्त सरकार होय. अहिल्यानगर जिल्ह्यात ते अकोल्यापासून जामखेडपर्यंत, जिल्हा परिषदेच्या शाळांत तसेच संस्थांच्या माध्यमिक विद्यालयांत आढळते. हे खरिपाचे पीक आहे. जून-जुलैत त्याची पेरणी होते, पंधरा ऑगस्टला ते बहरते आणि दहावीच्या सराव परीक्षांच्या सुमारास सुकते. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असला तरी या पिकाला पाणी लागत नाही. पाणी हा त्याच्या जाहीरनाम्यातला विषय असतो.

या संस्थेचे एक जुने मूळ रयत शिक्षण संस्थेत सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहातली कामे स्वतःच्या हाताने करत. त्या व्यवस्थेत पद नव्हते, पाळी होती. ज्याची पाळी स्वयंपाकाची, त्याच्या हाती पातेले असे आणि पिठाचा डबाही. पुढे राज्यभर शाळा वाढल्या, पाळीचे खाते झाले आणि पातेल्याच्या जागी छातीवर बिल्ला आला. पिठाचा डबा मात्र मोठ्यांकडे गेला तो परत आला नाही.

कायद्याचा आधार असा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेला भारताने 1992 साली मान्यता दिली. तिच्या बाराव्या कलमाप्रमाणे मुलांशी संबंधित बाबींत मुलांना आपले म्हणणे मांडता आले पाहिजे आणि त्या म्हणण्याला योग्य ते वजन दिले गेले पाहिजे. शाळेत वजनकाटा पोषण आहाराच्या खोलीत असतो, आणि ती खोली कुलूपबंद असते. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला व शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. महाराष्ट्रात या समितीवर दोन विद्यार्थीही घेतले जातात. अनुदानित शाळांमधील समितीचे काम 2012 च्या दुरुस्तीने केवळ सल्ला देण्याचे ठरले. म्हणून तेथील दोन विद्यार्थी सल्लागारांचे सल्लागार होत. मंत्रिमंडळाला तेवढाही कायदा नाही. त्याचा उगम परिपत्रकात, विस्तार छायाचित्रात आणि शेवट अहवालात होतो.

मंत्रिमंडळाची निवडणूक शास्त्रशुद्ध असते. परिपाठाच्या वेळी अधिसूचना निघते, मग अर्ज, छाननी, माघार आणि चिन्हवाटप होते. पेन, छत्री, बॅट आणि पुस्तक ही नेहमीची चिन्हे. बॅटसाठी भांडण होते. पुस्तक कोणालाच नको असते, ते शेवटी वर्गातल्या हुशार मुलीच्या वाट्याला येते. मतदान हल्ली बऱ्याच ठिकाणी मोबाइलमधल्या ॲपवर घेतात. नावासमोर बोट ठेवले की खऱ्या यंत्रासारखा लांब आवाज होतो. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून पाचवीतली मुले दुसऱ्यांदा रांगेत येतात, आणि म्हणून बोटावर मार्करची रेघ ओढतात. ती रेघ थुंकीने पुसता येते, हा शोध मधल्या सुट्टीपर्यंत सर्व वर्गांत पोचलेला असतो.

उमेदवार कोण, हे मात्र मतदानावर सोडत नाहीत. ज्याचे अक्षर चांगले, ज्याचा आवाज खणखणीत, ज्याचे आजोबा स्कूल कमिटीवर, असे तीन निकष सर्वमान्य आहेत. तिसरा असल्यास पहिले दोन शिथिल करता येतात. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरेकाठी ज्या जिल्ह्यात झाली, तेथे मुलांना पाढ्यांच्या आधी पॅनेल समजते. सोयऱ्याधायऱ्यांचे राजकारण हा जिल्ह्याचा जुना वारसा असल्याने आतेभाऊ मुख्यमंत्री आणि मामेबहीण उपमुख्यमंत्री झाल्यास कोणी दचकत नाही. पडलेल्या उमेदवारांना मंत्रिपदे देऊन सर्वांना सामावून घेतले जाते. त्यामुळे विरोधी पक्ष उरत नाही. या एका बाबतीत शाळा राज्याच्या पुढे नसली तरी बरोबरीने चालते.

एक फरक नोंदवला पाहिजे. या निवडणुका वेळेवर होतात. नगरच्या जिल्हा परिषद सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर 2022, 2023, 2024 आणि 2025 असे चार पावसाळे जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांनी आपली सरकारे निवडली. शाळा ज्या परिषदेच्या, तिची निवडणूक या काळात काही लागली नाही. मधल्या काळात जिल्ह्याचे नाव बदलले, शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा पत्ता नव्याने रंगवला गेला. लोकशाहीचा सराव विद्यार्थ्यांनी करायचा आणि विश्रांती मोठ्यांनी घ्यायची, अशी ही श्रमविभागणी आहे.

शपथविधीनंतर खातेवाटप होते. शिस्त, स्वच्छता, क्रीडा, आरोग्य, सांस्कृतिक, सहल, पाणी आणि पोषण आहार ही प्रमुख खाती. शिस्तमंत्र्याचे काम फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणे. हे खाते मित्र तोडते, म्हणून ते बदलीमुळे परगावाहून नव्याने आलेल्या मुलाला देतात. सहलमंत्री सहल कोठे न्यावी हे सुचवतो. सहल मागच्या वर्षी गेली तेथेच जाते.

पोषण आहार मंत्र्याची स्थिती देशात एकमेव म्हणावी अशी आहे. शालेय पोषण आहाराची योजना 1995 साली सुरू झाली, 2021 पासून तिच्या नावात प्रधानमंत्री आले, आणि ती पहिली ते आठवीसाठी आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे रोज 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. माध्यमिक विद्यालयात मंत्री होतात ते नववी-दहावीचे. म्हणजे खिचडीत मीठ बरोबर आहे का, वाटाणा शिजला का, रांग नीट आहे का, हे पाहायचे त्या मुलाने, ज्याला कायद्याने त्यातला एक घासही मिळत नाही. आपल्या खात्यातले काही न खाता वर्षभर खाते सांभाळणारा हा मंत्री अभ्यासकांनी जपून ठेवावा असा नमुना आहे.

पाणीमंत्र्याचे काम समजण्यासाठी एका नळाचा प्रवास पुरेसा आहे. शाळेच्या टाकीला सहा नळ असतात असे धरू. त्यातला एक गळतो. वॉशर बदलायचा, खर्च वडापावापेक्षा कमी. पाणीमंत्री वर्गशिक्षकांना सांगतो. ते म्हणतात, लेखी दे. लेखी अर्ज पर्यवेक्षकांकडे जातो, तेथून मुख्याध्यापकांकडे, आणि सादिल खर्चात पैसे शिल्लक नसल्याने पुढच्या बैठकीकडे. बैठकीच्या इतिवृत्तात ‘पाणीबचतीबाबत चर्चा झाली’ अशी नोंद होते. दरम्यान चिंचोळ्या धारेखाली शेवाळ धरते आणि सातवीतली एक मुलगी त्यावरून घसरते. मग आठवीतला, कोणत्याही खात्याचा मंत्री नसलेला एक मुलगा घरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आणतो, नळाला चार वेढे घालून दाताने गाठ आवळतो आणि वर्गात जाऊन बसतो. गळती थांबते. वार्षिक अहवालात या कामगिरीचे श्रेय मंत्रिमंडळाला मिळते आणि मुलाला दप्तरात ट्यूब का आणली म्हणून समज मिळते.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पडलेल्या पावसाचे माप घेऊन गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे हे ग्रामसभा ठरवते. शाळेच्या पाणीमंत्र्याला टाकी किती लिटरची, ती कधी भरते आणि कधी धुतली, हे तीन आकडे दिले तर तोही ताळेबंद मांडू शकेल. पण आकडे कार्यालयात असतात. आणि ज्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून माहितीच्या अधिकाराचे आंदोलन राज्यभर पसरले, त्या जिल्ह्यातही कार्यालयाच्या दारात उभ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न ‘तुला काय करायचंय?’ हाच विचारला जातो.

आता अधिकार. शाळेत सत्ता खुर्चीत नसते, किल्लीत असते. क्रीडामंत्री कोणीही असो, व्हॉलीबॉल ज्या कपाटात आहे त्याची किल्ली क्रीडाशिक्षकांच्या पँटच्या खिशात असते आणि ते जनगणनेच्या, मतदारयादीच्या किंवा कोणत्या तरी प्रशिक्षणाच्या कामावर गेलेले असतात. ग्रंथालयाची किल्ली ग्रंथपालांकडे, आणि ते पद रिक्त असेल तर ज्यांना पुस्तके हरवण्याची सर्वांत जास्त भीती वाटते त्यांच्याकडे. उरलेल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा शिपाईमामांच्या कमरेला. तो वाजला की सरकार आले असे समजावे.

यात मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली वेगळी पाहावी लागते. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हा शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातला निकष आहे. ते बांधलेले असते, रंगवलेले असते, त्यावर सुविचार असतो. आणि ते घाण होऊ नये म्हणून त्याला कुलूप असते. किल्ली शिक्षकांच्या खोलीत, टेबलाच्या खणात. पंधरा वर्षांच्या मुलीने चार शिक्षकांसमोर ती मागायची. बहुतेक मुली मागत नाहीत; सकाळपासून पाणी कमी पितात. अशा शाळेत आरोग्यमंत्री असलेली मुलगी वर्षभरात हात धुण्याचे सात टप्पे दाखवते, त्याचे छायाचित्र निघते. क्वचित एखादी मंत्री मुख्याध्यापकांकडे जाऊन एवढेच मागते की किल्ली नववीच्या वर्गात खिळ्याला अडकवू द्या, स्वच्छतेची पाळी आम्ही लावतो. परवानगी मिळाली तर त्या खिळ्यापासून शाळेचा कारभार खरोखर बदलतो. खिळ्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून अहवालात हेही येत नाही.

मंत्रिमंडळाला यश मिळते ते बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हापासून जिल्हा एसटीची वाट पाहण्यात अनुभवी आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे, कारण त्यांचा जन्म 1725 साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पास आहे, नाव आहे, फक्त गाडी शाळा सुटण्याच्या वीस मिनिटे आधी निघून जाते आणि पुढची दिवेलागणीला येते. अशा वेळी मुले वहीचे पान फाडून आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहितात. त्यात ना शेरोशायरी असते ना घोषणा: किती मुली, कोणती गावे, किती वाजता. खाली पन्नास-साठ सह्या. आगारात जाऊन तो दिला की कधी वेळ बदलते, कधी दुसऱ्या खेपेला बदलते. या कामासाठी बिल्ला लागत नाही आणि आगार व्यवस्थापकांना शाळेतली सोयरीक ठाऊक नसते, ही यशाची दोन कारणे मानली जातात.

मंत्रिमंडळाची मुदत एक वर्ष. त्यानंतर नेतृत्वाला दीर्घ सुट्टी मिळते. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका 1994 च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. 2016 च्या कायद्याने त्या परत आणण्याची तरतूद केली, पण पुढे कार्यक्रम लांबणीवर टाकण्याचीच रीत पडली. म्हणजे दहावीला मुख्यमंत्री असलेला मुलगा अकरावीला सामान्य नागरिक होतो, अठराव्या वर्षी मतदार होतो, आणि तोवर ज्याचे अक्षर चांगले होते त्याला गावातल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लिहायला बोलावतात.

शेवटच्या दिवशी निरोप समारंभ होतो. मुख्यमंत्री आभार मानतो, मंत्री आपापले बिल्ले काढून टेबलावर ठेवतात. बिल्ले मोजले जातात. एक कमी भरतो, तो क्रीडामंत्र्याच्या दुसऱ्या शर्टाला राहिलेला असतो. पुढच्या जूनपर्यंत ते एका डब्यात घालून कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते.