व्हई जाई!

प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी आप्पा असतोच. दोन यंत्रं शेजारी दिसली की तुम्हाआम्हाला त्यांतलं एक भंगारात द्यावंसं वाटतं. आप्पाला त्यांचं लग्न लावावंसं वाटतं. गुण जुळोत न जुळोत. "एक केबल लागेल फक्त," असं म्हणायचं आणि वर अहिराणीत शिक्का मारायचा, "व्हई जाई!"

आमचे आप्पा धुळ्याचे. त्यांच्या घरी दारावरची बेल दाबली की माजघरातला पंखा फिरतो. पाहुणा आल्याचं काकूंना वाऱ्यावरून कळतं.

एका कॉलेजच्या भंगाराच्या लिलावात आप्पांना 'सन' कंपनीचं स्पार्कस्टेशन 20 मिळालं. 1994 चं मॉडेल, युनिक्सवर चालणारं, मांडे भाजायच्या खापराएवढं रुंद आणि मिठाईच्या खोक्यासारखं चपटं. आप्पांनी ते किलोवर घेतलं.

"आप्पा, ही कंपनीसुद्धा 2010 साली ओरॅकलनं गिळली," मी म्हटलं.

"भो, अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. पुढं तीच कॉम्प्युटर विकायला लागली. विप्रो! आणि तुपाचं नाव काय होतं? सनफ्लॉवर! सन आपल्याकडे आधीपासून आहे."

यावर काय बोलणार?

त्या सनला विस्मरणाचा विकार होता. त्यातल्या एका चिपच्या पोटातच बॅटरी असते; ती संपली की यंत्र तारीख, नेटवर्कवरचा पत्ता, स्वतःचा ओळखक्रमांक, सगळं विसरतं. दुसऱ्या कुणी चिप बदलली असती. आप्पांनी तिची पाठ करवतीनं कापली, आतून दोन तारा बाहेर काढल्या आणि त्यांना दोन पेन्सिल सेल रबरबँडनं बांधले. कुणी जोरात शिंकलं की सेल निसटत आणि सन पुन्हा अनोळखी होई.

अशा जराजर्जर नवऱ्याला आप्पांनी स्थळ आणलं ते सेकंदाला 200 चित्रं काढणाऱ्या कॅमेऱ्याचं. ज्या जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध देवलांनी 1899 साली 'शारदा' रंगभूमीवर आणलं, तो धुळ्यात पुन्हा ठरला.

निमित्त माझ्या मेहुण्याचं. जळगावला त्याची डाळमिल आहे. तिथल्या सॉर्टेक्सवर तुरीची डाळ घसरगुंडीवरून येते, यंत्रातले कॅमेरे काळा दाणा हेरतात आणि हवेचा फवारा तो बाजूला उडवतो. मेहुण्याची तक्रार एवढीच, की काळ्याबरोबर चांगले दाणेही उडतात. आप्पा म्हणाले, "दाणा पडताना बघितला पाहिजे. सावकाश." सनच्या खाचेत बसेल असं व्हिडिओ पकडणारं कार्ड मिळवायला त्यांना आठ महिने लागले. मेहुणा तोवर तक्रार विसरलाही होता.

मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एक चित्र 640 गुणिले 480 ठिपके, ठिपक्याला एक बाइट, सेकंदाला 200 चित्रं. म्हणजे सेकंदाला 6 कोटी 14 लाख बाइट. या यंत्राची डिस्कची वाट फार ताणली तरी सेकंदाला 1 कोटीची.

"आप्पा, हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडून पाणी 16 एमएमच्या ठिबकच्या नळीत सोडताय तुम्ही."

आप्पांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "कॅनॉलचं पाणी ठिबकला कुणी थेट जोडतं का? मधे शेततळं लागतं. आधी मेमरीत भरायचं, मग डिस्कवर सावकाश उतरवायचं."

मी गप्प झालो. कारण मोठमोठ्या प्रयोगशाळांतले वेगवान कॅमेरेही हेच करतात. फक्त आप्पांच्या शेततळ्यात 64 एमबी मावत होते, आणि त्यातलं निम्मं युनिक्सच पिऊन बसलं होतं. उरलेल्यात अर्धा सेकंद मावत होता.

"दाणा काय तासभर पडतो का?" आप्पा म्हणाले.

मग डिस्का जोडणं आलं. त्या एका माळेत असतात. प्रत्येकीला वेगळा नंबर, आणि माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं बूच. ते नसलं तर सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो. आप्पांना हे पहिल्या फटक्यात कळलं. "कॅप्टन ब्रिग्जनं धुळं असंच वसवलं. सरळ गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. फक्त टोकांना बुचं लावायची राहिली, म्हणून ट्रॅफिक माघारी येतो."

प्रयोगाच्या दिवशी सॉर्टेक्सच्या जागी काकू होत्या. हातात सूप, सुपात तुरीची डाळ. आप्पांनी "टाक!" म्हणत बटण दाबलं. काकूंनी सूप कलतं केलं. डाळ सांडली. अर्धा सेकंद केव्हाच संपला होता.

आप्पांनी ती 100 चित्रं सावकाश, चार सेकंदांत चालवून दाखवली. सुपाची कड दिसली. काकूंच्या मनगटावरच्या चार बांगड्या एकामागून एक घरंगळत खाली आल्या. हुबेहूब.

"यामा डाळ नही!" काकू म्हणाल्या.

"व्हई जाई. आधी हे डिस्कवर उतरवू दे."

"उतरवा. मी आते मिक्सर लावस." काकू काळा मसाला वाटायला आत गेल्या.

मिक्सर सुरू झाला, दिवा मंदावला आणि सनचा पडदा काळा झाला. दचकून आप्पांचा हात लागला, सेलही निसटले. शेततळं फुटलं, बांगड्या वाहून गेल्या. सन पुन्हा जागा झाला तेव्हा त्याला स्वतःचा नंबरही सांगता येईना. बऱ्याच वेळानं पडद्यावर एकच शब्द उमटला: ओके.

सन यंत्रांची ही गंमत आहे. युनिक्स नीट सुरू झालं, तर हा शब्द मागेच राहतो. गाडी वाटेतच अडली, की यंत्र म्हणतं, ओके.

"बघ," आप्पा खुशीत म्हणाले, "ओके म्हणतंय!"

तेवढ्यात माजघरातला पंखा फिरला. दारात शेजारचा पोरगा उभा होता, काखेत जुना प्रिंटर आणि हातात नवा मोबाइल.

आप्पांनी आधी प्रिंटरकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

"एक केबल लागेल फक्त," ते म्हणाले.