नानांचे तारे

आमच्या सोसायटीतल्या नानांना पुस्तक वाचायला वेळ मिळत नाही, कारण सगळा वेळ पुस्तकांवर ऑनलाइन अभिप्राय लिहिण्यात जातो. लेखक आपल्यातला असला तर पाच तारे, त्यांच्यातला असला तर एक. शून्य द्यायची सोय नाही, हा नानांच्या मते धडधडीत पक्षपात. आपले कोण आणि त्यांचे कोण, हे आमदारसाहेब ठरवतात. साहेब जिकडे, तिकडे नाना.

अगदीच न वाचता लिहितात असं मात्र नाही. शेवटची सूची ते बारकाईने वाचतात. ओबामांचं 'अ प्रॉमिस्ड लँड' 17 नोव्हेंबर 2020 ला यायचं होतं, पण राहुल गांधींवरचा त्यातला शेरा आधीच पेपरात आला. साहेब तेव्हा काँग्रेसबरोबर महाविकास आघाडीत. नानांनी मजकूर तयार ठेवला : 'उथळ. परक्याने आपल्या घरात नाक खुपसू नये.' पुढे नातवाने तो साडेसातशे पानांचा ठोकळा घरी आणला. नानांनी पोरासारखी उलटी सुरुवात केली, अंगठ्याला थुंकी लावत सूचीतल्या 'एस'पर्यंत पोचले आणि मनमोहन सिंगांचं पान काढलं. तिथे चक्क कौतुक! 'उथळ'चं 'सखोल' झालं आणि चार तारे वाढले. नाकाचं वाक्य तेवढं खोडायचं राहिलं.

2017 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या 'व्हॉट हॅपन्ड'वर पहिल्याच दिवशी एकेका ताऱ्याचा पाऊस पडला आणि ॲमेझॉनने शेकडो अभिप्राय काढून टाकले. त्यांतले बरेचसे पुस्तक विकत न घेतलेल्यांचे होते. नाना अजून ती गोष्ट काढून संतापतात. "म्हणजे मत द्यायला आधी पैसे भरायचे?"

2 मे 2023 ला शरद पवारांच्या 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्राची सुधारित आवृत्ती निघाली. प्रकाशनाच्या समारंभातच पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. नानांनी टीव्हीसमोर डोळे पुसत पाच तारे दिले. शीर्षक : 'वाचताना गहिवरलो.' 5 मे रोजी राजीनामा मागे घेतला गेला, तेव्हा शेवटी उद्गारचिन्ह वाढवलं.

पण 2 जुलैला अजित पवारांनी सत्ताधाऱ्यांना जाऊन मिळत उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि साहेब मागच्या रांगेत दिसले. पुस्तकातला स्वल्पविरामही हलला नव्हता. रात्री साडेअकराला नानांच्या खिडकीत उजेड होता. पाचाचा एक झाला, 'गहिवरलो'चं 'कंटाळलो' झालं. त्या धांदलीत ओबामाही सापडले. मनमोहन सिंगांचं कौतुक आता चालण्यासारखं नव्हतं. नाकाचं वाक्य जागेवर होतं, तेवढीच मेहनत वाचली.

5 तारखेला पक्षाच्या दोन्ही गटांनी मुंबईत वेगवेगळ्या बैठका बोलावल्या आणि साहेबांचा फोन लागेना. दुपारी नाना मोबाइल घेऊन माझ्या दारात उभे.

"अहो, यात अडीच तारे कुठे दाबायचे?"