मोकळे काका

विश्रांतवाडीत धानोरी रोडच्या कुठल्याही सोसायटीत जा, एक तरी मोकळे काका सापडतातच. आडनाव दुसरंच असतं. उठता-बसता ‘हां, आता मोकळं झालं’ म्हणतात, म्हणून हे नाव.

आमचे मोकळे काका कळसच्या संरक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. लष्कराच्या पुलावरून रणगाडा गेला तर पूल किती वाकेल, हे मोजण्यात त्यांची उभी हयात गेली. आता स्वतः वाकताना कळ नेमकी कितव्या अंशाला येते, ते वहीत टिपतात. हॉलमध्ये सतरंजी, तिच्यावर फोमचा रोलर, रोलरवर काका. पोटरीपासून मांडीकडे इंचाइंचाने सरकत असतात. बेल वाजवली की आतून ‘या, दार उघडंच आहे’ असं येतं. कारण उठणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो.

ज्या कपाटात पूर्वी पुस्तकं होती, तिथे आता काटेरी चपला, लाकडी चक्र्यांचा पायरोलर आणि नातवाचा जप्त केलेला टेनिस बॉल आहे. शिवाय मसाज गन. ती म्हणे मोटरसायकलच्या अपघातात जायबंदी झालेल्या एका अमेरिकन कायरोप्रॅक्टरला सुचली. हे सांगून काका आळंदी रोडकडे बोट दाखवतात, ‘आपल्याकडे तर हा शोध घरोघरी लागायला हवा होता!’ लोहगावहून सुखोई उडालं की आमच्या काचा थरथरतात. हल्ली थरथरल्या की लोक आधी विचारतात, विमान की काका?

काकू या भानगडीत पडत नाहीत. रात्री तळपायाला तूप चोपडतात आणि काशाची वाटी घासतात. तळवे काळे पडले की म्हणतात, उष्णता निघाली. काका लगेच सांगतात, उष्णता नव्हे, कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्याची स्निग्धातल्या आम्लाशी झालेली प्रक्रिया. असेलही. पण तेवढ्यात काकू घोरायला लागलेल्या असतात आणि काका बॅटरी चार्जिंगला लावत असतात.

शास्त्र काकांच्या बाजूने आहे, पण बेताचंच. रोलर फिरवल्यावर सांधा थोडा जास्त वाकतो, व्यायामानंतरचा ठणकाही कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. स्नायूतली गाठ वगैरे फुटत नाही. मज्जासंस्थाच ताण जरा जास्त सोसते, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. लवचिकता टिकते काही मिनिटं. तेवढ्यात माणसाने चालायला, वाकायला, व्यायामाला लागावं. काका त्या मिनिटांत आरामखुर्चीत बसून मोकळेपणाचा आस्वाद घेतात. जिना कशाला, लिफ्ट आहे की. इतक्या स्वस्थ स्नायूंना ताण येतो कुठून, हे मात्र विचारायचं नसतं.

उपदेश अर्थात चोख. रोलर मांसल भागावर फिरवावा. हाडावर, सुजेवर, फुगलेल्या शिरांवर नाही. कमरेच्या मणक्याखाली तर मुळीच नाही. हा शेवटचा नियम ते कमरेला पट्टा बांधून सांगत होते.

माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते, तेव्हा रस्त्याकडेला वारकऱ्यांचे पाय चेपायला पोरं बसतात. गेल्या वारीत त्यांच्यात काकाही बसले, गनसकट. परभणीकडून पायी आलेल्या एका आजींनी पाय पुढे केला. यंत्र गुरगुरलं तसा आजींनी पाय मागे ओढला.

‘माउली, बंद करा ते. अंगाला मुंग्या आल्या.’

मग काय वाटलं कोण जाणे, आजी खाली बसल्या आणि त्यांनी काकांचीच पोटरी दोन अंगठ्यांत धरून अशी दाबली, की काका ‘विठ्ठला!’ म्हणून किंचाळले.

‘लई आखडलंय. चला की पंढरपूरपर्यंत, सुटंल समदं,’ म्हणत आजी दिंडी गाठायला निघूनही गेल्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. काका चौकातून घरापर्यंत आले ते रिक्षाने. पोटरी चाचपत पायऱ्यांवर बसले, मग मोबाइल काढून मला विचारलं, ‘असा अंगठा ऑनलाइन मिळतो का रे?’