वाइपकर

महिन्याचा पहिला गुरुवार जवळ आला की काही तरुणांच्या प्रकृतीत ठरल्याप्रमाणे बिघाड सुरू होतो. बुधवारी घसा खवखवतो, गुरुवारी दुपारी अंग मोडून येतं आणि शुक्रवारी 'सिक लीव्ह' पडते. सोमवारी गडी ऑफिसात हजर असतो, डोळे तेवढे लाल. मॅनेजर नवा असेल तर त्याला हा व्हायरल वाटतो. मॅनेजर जुना असेल तर तो एकदा कॅलेंडरकडे बघतो आणि काही बोलत नाही.

या गृहस्थाला आपण वाइपकर म्हणू. पुण्यात बाणेर-वाकडच्या बाजूला हे लोक मुबलक, पण डोंबिवली, नाशिक, गेला बाजार न्यू जर्सी, कुठेही सापडतात. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सॉफ्टवेअरची, लग्नाचं बघणं चालू. मुलाला व्यसन नाही असं आई स्थळांना सांगते आणि तेही बऱ्यापैकी मनापासून.

वाइपकर 'रस्ट' खेळतो. इंग्लंडमधल्या फेसपंच स्टुडिओज या कंपनीने हा खेळ डिसेंबर 2013 मध्ये अर्धाकच्चाच बाजारात आणला. फेब्रुवारी 2018 मध्ये तो पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि तरीही दर महिन्याला त्यात काहीतरी नवं घुसवायचं थांबवलं नाही. पहिल्या गुरुवारी अपडेट येतं आणि त्यासरशी सगळ्या सर्व्हरांवरचं जग पुसलं जातं. महिनाभर बांधलेली घरं, साठवलेल्या बंदुका, पेट्या भरभरून ठेवलेलं गंधक, सगळं साफ. याला म्हणतात फोर्स वाइप. मुहूर्त ब्रिटनच्या संध्याकाळी सातचा. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, आणि तिकडची घड्याळं मागे गेली की साडेबारा. थोडक्यात, हिवाळ्यात हा गुरुवार शुक्रवारी येतो. ही तिथीची वाढ वाइपकरला तोंडपाठ असते. संकष्टीचा चंद्रोदय विचारा, लगेच आईला हाक जाते.

त्या संध्याकाळी तो पानावर बसत नाही. आईने एकदा विचारलं, "गुरुवार धरलायस का रे?" त्याने नाही म्हटलं नाही. उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी खोलीत येते, आणि खिचडी एका हाताने खाता येते.

खेळाची सुरुवात अशी, की माणूस एका अनोळखी किनाऱ्यावर जागा होतो. अंगावर जेमतेम लज्जारक्षण, हातात एक दगड आणि एक मशाल. एवढ्या भांडवलावर झाडं तोडायची, दगड फोडायचे, भूक-थंडी सांभाळायची, घर बांधायचं, बंदूक बनवायची, आणि हे चालू असताना आसपास धावणाऱ्या शेकडो माणसांपैकी कोणी आपल्याला मारणार नाही हे बघायचं. मारतातच. तुमचं रूपही तुमच्या हातात नाही. चेहरा, कातडीचा रंग, पुरुष की बाई, हे सगळं खात्याच्या क्रमांकावरून एकदाच ठरतं आणि बदलून मिळत नाही. आमच्या वाइपकरच्या वाट्याला रुंद खांद्यांची एक बाई आली.

खिचडीची ताटली घेऊन आई आत आली तेव्हा ती बाई दगड घेऊन एका डुकरामागे धावत होती.

"हे काय बघतोयस?"

"आई, हा मी आहे."

आई पलंगाच्या कडेवर टेकली. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, मग अंगात काहीतरी घाल की!"

"त्यासाठीच हेम्प शोधतोय. त्याचं कापड होतं. तीस कापडं झाली की झोपायची पिशवी होते."

"आधी कपडे कर, मग झोप," असं सांगून आई गेली. वाइपकरच्या मते खेळातला हा सर्वात चुकीचा सल्ला आहे. पिशवी टाकली की मेल्यावर त्याच जागी परत उठता येतं, कपड्यांचं नंतर बघता येतं.

मग घर. वाइपकरची खरी कसबी बाजू इथे दिसते. आधी काटक्यांचा सांगाडा, मग लाकूड, मग दगड, मग पत्रा. दाराला चार आकड्यांचं कुलूप, आकडा चुकला की विजेचा झटका. त्या दाराच्या आत आणखी एक दार, म्हणजे बाहेरचं उघडताना कोणी झडप घातली तरी आतलं बंद. दगडी भिंत पाडायला शत्रूला दोन सी-फोर बॉम्ब लागतील की चार रॉकेटं, आणि एका सी-फोरला 2200 आणि एका रॉकेटला 1400 गंधक, म्हणजे आपल्या घरात शिरण्याचा समोरच्याला पडणारा खर्च किती, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगतो. घराच्या पोटात एक कपाट असतं. त्यात लाकूड, दगड, लोखंड सतत भरत राहावं लागतं, नाहीतर घर आपोआप झिजून कोसळतं. कपाट किती दिवसांना पुरेल हे तो दर तासाला बघतो.

बाबा त्याच्याकडून एवढंच मागतात, की सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याच्या दहा तारखेच्या आत ऑनलाइन भर. तो दर महिन्याला दंडासह भरला जातो. आणि दोन दारांमागे दोन कुलपं लावणारा हा तटबंदीतज्ज्ञ रात्री पार्सल घेतो तेव्हा फ्लॅटचं दार सकाळपर्यंत उघडं राहतं.

एरवी मितभाषी असणाऱ्या वाइपकरला वाचा फुटते ती अपडेटच्या विषयावर. होमलोनच्या कागदांवर त्याने न वाचता सह्या ठोकल्या, पण अपडेटची टिपणं तो ओळ न् ओळ वाचतो. कुठल्या बंदुकीचा मारा किंचित कमी झाला, कुठल्या दाराला लोखंड किती लागणार, सगळं. वाचून झालं की त्याचं मत ठरलेलं असतं: "संपला गेम."

2025 च्या मार्चमध्ये मधमाश्या, कोंबड्यांची खुराडी आणि भट्टीत भाजायचे 'पाय' नावाचे पदार्थ आले. "हा बंदुकीचा खेळ आहे की कृषी प्रदर्शन?" असं गरजून त्याने त्याच रात्री मधाची पेटी बसवली. आठवडाभराने त्याच्याकडे कोंबड्या होत्या, त्यांचं दाणापाणी वेळेवर होत होतं, आणि शत्रूच्या अंगावर मधमाश्यांचा बॉम्ब कसा टाकावा यावर तो मित्रांचा वर्ग घेत होता. घरात त्याने आजवर चहादेखील टाकलेला नाही. मे महिन्यात जंगल आलं, त्यात वाघ, मगरी आणि साप. "संपला गेम," तो म्हणाला, आणि वाघ मारायला गेला. वाघाचं मत वेगळं पडलं.

पण त्याची खरी जखम जून 2022 ची आहे. तोवर या खेळातल्या एके-47 चा झटका एका ठरावीक वळणाने जायचा. ते वळण हाताला बसावं म्हणून वाइपकरने सरावाच्या सर्व्हरवर भिंतीसमोर उभं राहून रात्रीच्या रात्री गोळ्या झाडल्या होत्या. मनगटाला पट्टा आला होता. ऑर्थोपेडिकला त्याने 'कोडिंग' असं कारण सांगितलं होतं. आणि एका गुरुवारी कंपनीने ते वळणच काढून टाकलं. नेम धरणं सोपं झालं, काल आलेलं पोरही बरं झाडायला लागलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि या वेळी ते खिचडीसाठी नव्हतं.

तेव्हापासून त्याच्या बोलण्यात 'आमच्या वेळी' येतं. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. आमच्या वेळी नेमबाजीला किंमत होती. आमच्या वेळी घोडे नव्हते, मोटारी नव्हत्या, माणूस पायी जायचा. गंमत म्हणजे तो खेळायला लागला 2017 मध्ये, पण अगदी सुरुवातीचे झोंबी काढून त्याजागी अस्वलं आणि लांडगे आणले याचंही त्याला दुःख आहे. 2016 च्या जुलैत अनुभवाचे गुण देण्याची पद्धत आणली आणि नोव्हेंबरात काढून टाकली, यावर तर तो अर्धा तास बोलतो. बाबा अशाच सुरात एसटीच्या लाल डब्यावर बोलायला लागले की हा हेडफोन लावतो.

परक्या माणसावर विश्वास ठेवू नये हा या खेळातला पहिला नियम. जवळ आलेल्याचा आवाज ऐकू येतो, आणि "फ्रेंडली, फ्रेंडली" असं ओरडत येणारा हमखास गोळी घालतो. एकदा वाइपकरने झुडपातून एकाला बाण मारला, तर तिकडून आवाज आला, "आयला, मेलो की!"

वाइपकरचा धनुष्यावरचा हात थरथरला. "कुठला रे तू?"

"सांगली. तू?"

"पुणे. अरे, सांगायचं ना आधी!"

त्याने स्वतःच्या हाताने त्याला मलमपट्टी केली, घरी नेलं, भाजलेलं मांस दिलं, मावशीचं सासर मिरजेला हे सांगितलं. एवढ्या जिव्हाळ्याने बोलणं झाल्यावर कुलपाचा आकडा तेवढा कसा लपवायचा? सकाळी पेट्या रिकाम्या होत्या. एका पेटीत सांगलीकराने एक भोपळा ठेवला होता. 'अगदीच रिकामं घर नको' असा विचार त्याने केला असावा.

मी त्याचं खरं रूप पाहिलं ते एका नात्यातल्या लग्नात. या खेळाचं मोबाइलवर एक जोडॲप आहे. खेळातल्या घरात बॉम्बचा हादरा ओळखणारं यंत्र बसवून ते त्याला जोडलं, की घरावर हल्ला होताच फोन ओरडतो. तुम्ही झोपलात तरी तुमचं पात्र तिथे घरात आडवं पडलेलं असतं, त्यामुळे लोक मुद्दाम तुमच्या गैरहजेरीत दरोडा घालतात. पंगतीत मठ्ठा आला होता, जिलबीचा आग्रह चालला होता, आणि वाइपकरच्या खिशात भोंगा वाजला. त्याने फोन बघितला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"घर फोडलं."

पंगत थांबली. मामी मटकन बसल्या. कोणी म्हणालं शंभर नंबरला फोन करा, कोणी म्हणालं आता एकशेबारा असतो. कपाटात काय काय होतं, असं आईने रडवेल्या आवाजात विचारलं, तेव्हा तो भान हरपून म्हणाला, "सहा हजार गंधक आणि दोन एके." मुलीकडच्यांपैकी दोघे हळूच उठून गेले.

परतताना गाडीत शांतता होती. टोलनाका ओलांडल्यावर बाबांनी तोंड उघडलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, साठवलेलं पुसलं जाणं ही कल्पनाच त्यांना पेलवत नव्हती.

"पुढच्या गुरुवारी ते सगळं आपोआप जाणारच होतं ना?"

"हो."

"मग जमवता कशाला?"

वाइपकर जरा सावरून बसला. "बाबा, तेच तर आहे. मोठ्या टोळ्या असतात. वीस-वीस जण, किल्लेच्या किल्ले बांधतात, कोणाला जवळ फिरकू देत नाहीत. पण गुरुवार आला की सगळे किनाऱ्यावर. त्यांच्याही हातात दगड आणि माझ्याही हातात दगड. कोणी कितीही माजला तरी महिन्याच्या वर टिकत नाही."

बाबांनी यावर बराच विचार केला. त्यांच्या सोसायटीत अकरा वर्षं एकच चेअरमन आहे.

"हे अपडेट," ते म्हणाले, "आपल्या कमिटीला टाकता येतं का?"