फलकावरचा पाऊस

स्थावर मालमत्तेच्या जाहिरातीतील छायाचित्र हे त्या मालमत्तेचे छायाचित्र असते, हा समज अभ्यासाच्या कसोटीवर टिकत नाही. धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर असे छायाचित्र म्हणजे त्या जागेवर काय काय नाही याची सचित्र यादी असते, आणि ती इतक्या निष्ठेने केलेली असते की शासनाच्या टंचाई आराखड्यानेही तिच्यापुढे मान खाली घालावी. जे जागेवर मुळातच असते ते चित्रात घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही. त्यामुळे चित्रात काय घातले आहे एवढे ओळखता आले की जागेची खरी परिस्थिती कळायला साईटवर जाण्याचा पेट्रोलखर्चही करावा लागत नाही. छायाचित्र-संपादन, म्हणजे काढलेल्या फोटोतील नकोशा वस्तू पुसणे, हव्याशा वस्तू बसवणे आणि उरलेल्यांचा रंग खुलवणे, ही विद्या म्हणूनच फसवणुकीच्या नव्हे तर सर्वेक्षणाच्या सदरात जमा करावयास हवी.

या विद्येचा उत्तम नमुना म्हणजे धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या कोणत्याही वाढत्या रस्त्याच्या कडेला, मुरमाड माळाच्या छातीवर उभा केलेला फ्लेक्स. ‘एनए प्लॉट विकणे आहे’ एवढाच त्याचा मजकूर. एनए म्हणजे बिगरशेती, अर्थात ज्या जमिनीवर ज्वारी आणि तूर पिकवण्याचे बंधन सुटून आता फक्त भाव पिकवायचा आहे अशी जमीन. फलकाच्या वरच्या कोपऱ्यात तुळजाभवानी असते आणि ती तेवढी जशीच्या तशी असते, कारण तिच्या मळवटाला हात लावण्याची हिंमत अजून कोणत्याही फ्लेक्सवाल्याला झालेली नाही. तिच्या नजरेखाली मात्र सगळा मामला निराळा आहे. मऊ हिरवळ आहे, नारळाची झाडे आहेत, सुटाबुटातला एक गृहस्थ हसतमुख पत्नीसह फुगा धरलेल्या मुलाकडे पाहत उभा आहे, आणि त्याच्यामागे उतरत्या छपराचा, धुराड्याचा बंगला आहे. उतरते छप्पर बर्फ घसरून पडावे म्हणून आणि धुराडे दिवाणखान्यातील शेकोटीचा धूर बाहेर जावा म्हणून असते, हे ध्यानात घेतले तर बालाघाटाच्या डोंगररांगेत एप्रिल महिन्यात दिवाणखान्यात शेकोटी पेटवणाऱ्या कुटुंबाच्या धैर्याचे कौतुकच करावे लागेल.

या सर्व वस्तूंत हिरवळीला अग्रमान आहे. जिल्हा पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने अडवून घेतल्यावर उरलेल्या पावसाच्या प्रदेशात येतो. धाराशिव शहराची तहान भागवायला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणातून पाईपने पाणी आणावे लागले. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हा येथे पंचांगाइतकाच गंभीर विषय आहे. अशा ठिकाणी रोज पाणी मागणारे गवत दाखवणे म्हणजे दुष्काळाची कबुलीच आहे, फक्त ती हिरव्या शाईत दिली आहे. फलकावरचा पाऊस हवामान खात्याला विचारून पडत नाही आणि तो लांबतही नाही. याच जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाहीच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरी नदीला दगडी बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला आणि नदी भरून वाहू लागली की त्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. निसर्गाकडून देखावा करवून घ्यायचा तर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राजवटीलाही एवढे दगड रचावे लागले आणि शेवटी पावसाळ्याची वाट पाहावीच लागली. आजचा डीटीपी सेंटरवाला तोच धबधबा दोन मिनिटांत ‘रिव्हर टच’ प्लॉटच्या मागे आणून सोडतो आणि तो मे महिन्यातही आटत नाही. बांधकामशास्त्राच्या या प्रगतीची शासनाने अद्याप दखल घेतलेली नाही.

हिरवळीच्या खालोखाल मान रेल्वेचा. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या लोहमार्गाची मागणी जुनी, त्याची मंजुरी त्या मानाने नवी; पण फलकावर गाडी कधीच सुरू झालेली आहे, ती वेळेवर धावते आणि प्लॉटच्या कुंपणाला घासून जाते. अंतरे नेहमी मिनिटांत दिली जातात, किलोमीटरमध्ये कधीही नाहीत, आणि ती मिनिटे कोणत्या वाहनाची हे गुलदस्त्यात ठेवले जाते. ‘मंदिरापासून हाकेच्या अंतरावर’ या शब्दप्रयोगातील हाक नवरात्रातल्या लाऊडस्पीकरची धरली तर मात्र हिशेब बरोबर येतो.

घरांची आणि फ्लॅटची छायाचित्रे हा याच विषयाचा अधिक सूक्ष्म भाग आहे. तेथे हिरवळ घालायला जागा नसते, म्हणून जागाच घालावी लागते. त्यासाठी रुंद कोनाचे भिंग वापरतात. साधारण ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगातून दिसणारे दृश्य माणसाला सहज वाटते, तर १६ मिलिमीटरच्या भिंगात खोलीच्या तिन्ही भिंती एकदम मावतात, समोरची भिंत दूर पळते आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. दहा बाय दहाची खोली दरबार हॉल होते आणि कोपऱ्यातला फ्रीज आडवा होऊन गावच्या वेशीएवढा दिसू लागतो. सुदैवाने फरशी खोटे बोलत नाही. दोन फुटी लाद्या एका दिशेला पाच आणि दुसऱ्या दिशेला पाच भरल्या तर खोली दहा फुटीच, मग छताला झुंबर लावा की भिंतीवर समुद्र. संपादक सोफा घालतो, पडदे घालतो, खिडकीबाहेर बाग घालतो, पण लाद्या वाढवायचे त्याच्या ध्यानात राहत नाही. खरेदीदाराने फोटोत सोफ्याकडे न पाहता पायाखाली पाहावे, ही सूचना कोणत्याही वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहे.

वास्तुतज्ज्ञाचा विषय निघालाच आहे तर आकाशाचेही पाहून घ्यावे. मळकट किंवा पांढुरके आकाश काढून तेथे दुसरे बसवण्याची सोय २०२० पासून फोटोशॉपमध्ये एका कळीवर आली आणि तेव्हापासून जिल्ह्यातील प्रत्येक रो-हाऊसच्या मागे सूर्य उगवू लागला. घराचे तोंड मात्र जाहिरातीत ‘पूर्वमुखी, वास्तुशास्त्रानुसार’ असे असते. पूर्वेकडे तोंड असलेल्या घराच्या पाठीमागून सूर्योदय होत असेल तर एक तर घर उलटे बांधले गेले आहे किंवा पृथ्वी. आणि या दोहोंपैकी काय ते विचारण्याचे धाडस टोकन देऊन बसलेल्या माणसाला होत नाही. सावल्यांचे तर विचारूच नये. आकाशात संध्याकाळ, अंगणात भर दुपार आणि उभ्या केलेल्या मोटारीखाली सावलीच नाही, असा त्रिकाळ एकाच फोटोत नांदताना दिसतो.

या सगळ्या गजबजाटात एका वास्तूला मात्र कोणी चित्रात जागा देत नाही, आणि ती वास्तू खास इथली आहे. माळवद, म्हणजे जाड दगड-मातीच्या भिंतींवर लाकडे आणि वर मातीचा जड थर घातलेले सपाट छप्पर, हे या भागातील घराचे खरे रूप. उन्हाळ्यात ते गार राहते आणि त्यावर धान्य वाळवता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्यातील लोहारा आणि उमरगा तालुक्यांनाही तडाखा दिला तेव्हा त्याच जड भिंती आणि त्याच मातीखाली हजारो माणसे गाडली गेली. सास्तूरच्या परिसरातील वयस्कर माणूस त्यानंतर नव्या घरात शिरला की रंगाकडे पाहत नाही, कॉलम कोठे आहेत ते विचारतो. फलकावर कॉलम कधीच दिसत नाहीत. धुराडे दिसते.

कायद्याला हे सर्व ठाऊक नाही असे मानणे अन्यायाचे होईल. स्थावर संपदा अधिनियम २०१६ चा, ज्याला लोक रेरा म्हणतात, जाहिरातीचा अर्थ चांगला ऐसपैस आहे, आणि त्याच्या कलम १२ नुसार खोट्या जाहिरातीवर किंवा नमुना सदनिकेवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळू शकते, इतकेच नव्हे तर व्यवहारातून अंग काढून घेतल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. राज्यातील नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. हा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन मोबाइलने टिपला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर येते. आता वीस फूट उंचीच्या फलकावर तो सर्वात वरच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा छापला तर तो टिपण्याची सोय प्रामुख्याने घारींना उपलब्ध होते, याला प्राधिकरण तरी काय करणार? शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे चार गुंठ्यांचा मालक आपल्या चार गुंठ्यांवर निर्धास्तपणे स्वित्झर्लंड उभारू शकतो. परदेशी मंडळी या बाबतीत फारच रुक्ष आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२६ पासून मालमत्तेच्या जाहिरातीतील फोटोत काही घातले वा पुसले असेल तर तसे सांगावे लागते आणि मूळ फोटोही पाहण्यास द्यावा लागतो. हा नियम येथे आणला तर फलकावर अर्धी जागा मुरमाला द्यावी लागेल, आणि मुरूम पाहायला मोटारी थांबत नाहीत. येथे त्याऐवजी एक चांदणी चालते. ‘अटी लागू’ या शब्दांपूर्वी छापलेली ही चांदणी म्हणजे त्या संपूर्ण आकाशातील एकमेव खरा तारा होय.

संपादकाचा हात जेथे पोहोचत नाही असा कागद म्हणजे सातबारा, आणि मालमत्तेचे खरे रूप तेथे, कसलाही रंग न लावता, उभे असते. निजामाच्या राजवटीतून आलेल्या या प्रदेशात इनामी जमिनींचा गुंता मोठा आहे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ एवढे तीन शब्द असतील तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही, मग तिच्यावर हिरवळ असो की हंस. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकडे पाडून विकण्यास मनाई केली, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आधीच पडलेल्या तुकड्यांना नियमित करून घेण्याची वाट दिली. या दोन कायद्यांच्या मधल्या बोळातून जिल्ह्यातील निम्म्या गप्पा चालतात. पण सातबारा दिसायला कुरूप आहे. त्यात मूल नाही, फुगा नाही, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा असला तर त्यावर इंद्रधनुष्य चढवता येत नाही. मोबाइलवर तो काही रुपयांत मिळत असूनही लोक फोटोच पुढे पाठवतात, यात आश्चर्य नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे: जमलेल्या संतांच्या डोक्यावर त्यांनी कुंभाराच्या थापटण्याने एकेक थाप मारली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. मडके भाजले आहे की नाही हे आवाजावरून कळते, रंगावरून नव्हे, ही कुंभाराची साधी परीक्षा भिंतीला, पाण्याच्या टाकीला आणि प्लॉटिंगवाल्यालाही सारखीच लागू पडते. अडचण एवढीच की फोटोवर थापटणे मारले तर मोबाइलची काच फुटते.

तथापि सगळा दोष फ्लेक्सवाल्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही, कारण त्याने शोध नवा लावलेला नाही. जत्रांतल्या फोटो स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे, ताजमहाल किंवा विमान पाठीशी घेऊन, धुळीने माखलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. त्या फोटोंनी कोणाची फसवणूक झाली नाही, कारण पडदा सर्वांना ठाऊक होता आणि त्यापुढे उभे राहण्यासाठीच पैसे मोजलेले होते. प्लॉटच्या खरेदीदारालाही पडदा बहुधा ठाऊक असतोच. इसारपावती होते, खरेदीखत होते, आणि एका रविवारी भूमिपूजनासाठी मंडळी माळावर येतात. खडे रुततात म्हणून चप्पल काढायची की नाही यावर थोडी चर्चा होते, गुरुजींना कलशाला लागणारे पाणी बाटलीतून आणावे लागते, एकुलत्या बाभळीच्या सावलीत म्हातारीला बसवले जाते. मग नारळ फुटतो आणि सगळे एका ओळीत उभे राहून फोटो काढतात. तो पुण्याच्या नातलगांना लगेच पाठवला जात नाही. घरचा धाकटा मुलगा मोबाइल घेऊन बाभळीखाली बसतो, आधी मागचा विजेचा खांब पुसतो, मग शेजारच्या प्लॉटमधला कचरा, मग आकाश जरा निळे करतो; आणि माळ फारच तांबडा दिसतो आहे असे आत्या म्हणते तेव्हा तो बोटाने खालून वर, हळूहळू, गवत उगवत नेतो.